विद्यार्थ्याचा डबा

मंडळी, आज मी आपल्याशी बोलणार आहे ते विद्यार्थ्याच्या डब्याविषयी. विषय ऐकून कोणी म्हणेल, त्यासाठी प्राध्यापक कशाला हवा? ते काम घरातल्या आईचे, फार तर डॉक्टरचे. म्हणणे रास्त आहे. मी आहारशास्त्राचा जाणकार नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण वर्षानुवर्षे वर्गासमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट शिक्षकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. मुलाचे लक्ष लागत नाही, पाठांतर राहत नाही, सोपे उदाहरण चुकते, की आपण लगेच त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. पोरगा आळशी आहे, टिवल्याबावल्या करतो, मोबाईलच्या नादी लागला आहे, असे म्हणून मोकळे होतो. ही कारणे खोटी असतात असे नाही. परंतु त्यांच्याही आधी विचारायचा एक साधा प्रश्न आपण विसरतो: "बाळ, तू सकाळपासून काय खाल्लंस?"

हा प्रश्न विचारायला मीसुद्धा उशिराच शिकलो. कसा शिकलो ते आधी सांगतो.

मी राहतो तो गारखेडा एके काळी औरंगाबादेबाहेरचे खेडे होते. आता शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याला कवेत घेऊन पुढे सरकले आहे. सूतगिरणी चौक, गजानन महाराजांचे मंदिर, विभागीय क्रीडा संकुल यांच्या अवतीभवती वस्ती दाटली आहे, आणि गल्लोगल्ली एखादी तरी खोली विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली असते. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण या तालुक्यांतून, तसेच जालना, बीड, परभणीकडून मुले-मुली येथे शिकायला येतात. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. स्वयंपाकाची सोय बहुधा नसते. मग कोणी मेस लावतो, कोणी डबा लावतो. दुपारच्या सुमारास दुचाकीच्या दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या लटकवलेला माणूस आमच्या गल्लीत आला, की खोल्यांची दारे भराभर उघडतात.

काही वर्षांमागची गोष्ट. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा दररोज तिसऱ्या तासाला पेंगत असे. डोळे उघडे, पण नजर कोठेच नाही. प्रश्न विचारला की दचकून उभा राही. एक दिवस मी चिडलो आणि भर वर्गात म्हणालो, "रात्रभर मोबाईल बघत बसतोस, आणि झोपायला इथे येतोस काय?" वर्ग हसला. तो काही बोलला नाही. मान खाली घालून बसला.

पुढे आठवड्याभराने संध्याकाळी फिरून येताना तो मला आमच्याच गल्लीत, एका घराच्या जिन्याखालच्या खोलीत दिसला. दार उघडे होते. समोर एक डबा होता आणि त्यातले वरण-भात तो आणि त्याचा सोबती वाटून घेत होते. मला पाहून तो गडबडीने उठला. मी विचारले, "आत्ताच आला का डबा?"

"नाही सर, दुपारचाच आहे. एकच वेळचा लावलाय. दुपारी पोळ्या खातो, वरण-भात रात्रीला ठेवतो."

"दोघांत एकच?"

"याचा सुटलाय या महिन्यात. म्हणून दोघांत."

"आणि सकाळी?"

"चहा असतो की, सर."

घरी काय सांगितले आहे, असे विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "दोन्ही टायमाचा लावलाय म्हणून सांगितलंय. कापसाचे पैसे यायचेत अजून. तिकडं कशाला घोर लावायचा?"

मी घरी येऊन हिशेब केला. रात्री नऊला अर्धे पोट. सकाळी एक कप चहा. मग पुन्हा अन्न दुपारी एकला. म्हणजे सोळा तास हा मुलगा जवळजवळ उपाशी असे, आणि माझा तिसरा तास त्या सोळा तासांच्या अखेरच्या टप्प्यात येई. ज्याला मी मोबाईलचा नाद म्हणालो, ती भूक होती. त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही.

आता भुकेने लक्ष का उडते, ते पाहू. मेंदू हा शरीरातला मोठा खादाड अवयव आहे. मोठ्या माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा शंभरात दोन इतका असतो. पण शरीर स्वस्थ असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. लहान मुलांत हा हिस्सा याहून पुष्कळच मोठा असतो, कारण त्यांचा मेंदू अजून घडत असतो. बरे, मेंदूला स्वतःचे कोठार नाही. त्याला लागणारी साखर, म्हणजे ग्लुकोज, रक्तातून सतत मिळावी लागते. आपण जेवतो तेव्हा त्या साखरेचा काही साठा यकृत करून ठेवते आणि आपण झोपल्यावर थोडी थोडी सोडत राहते. घरातल्या कणगीतून रोजच्यापुरते धान्य काढावे, तसाच हा प्रकार. मोठ्या माणसाची कणगी मोठी असते. लहान मुलाची लहान, आणि खर्च मात्र जास्त. म्हणून रात्रभराचा उपास बापाला जाणवला नाही तरी मुलाला जाणवतो.

कणगी तळाला गेली म्हणून मेंदू बंद पडत नाही. शरीर दुसरे मार्ग काढते; चरबी वापरते, काटकसर करते. माणूस उपाशीपोटी चालतो, बोलतो, कामही करतो. परंतु चित्त एका जागी धरून ठेवणे, दोन गोष्टी मनात ठेवून तिसरी काढणे, आत्ता ऐकलेले थोड्या वेळाने आठवणे, या कामांना पहिला फटका बसतो. आणि शाळा म्हणजे हीच कामे! उपाशी मूल फळ्याकडे पाहते, पण त्याचे मन भाकरीकडे असते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे आपले लोक म्हणत आले ते उगाच नव्हे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घरी दोन्ही वेळा पोटभर खाणाऱ्या मुलाची एखाद्या दिवशी न्याहारी चुकली, तर त्याचे फारसे बिघडत नाही. नुकसान होते ते ज्यांचे शरीर आधीच कमी पोसलेले आहे त्यांचे, आणि ज्यांची न्याहारी रोजच चुकते त्यांचे. आपल्या खेड्यापाड्यांत अशी मुले थोडी नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडताच रानात जाते. मुलगी धाकट्याचे आवरते, पाणी भरते, चहाबरोबर एखादा बिस्किटाचा पुडा दोघांत संपवते आणि शाळा गाठते. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणजे मुले आजीपाशी राहतात. आजीच्या हातून जेवढे होईल तेवढे होते. यात दोष देण्यासारखे कोणी नाही. पण दोष नसला म्हणून परिणाम टळत नाही.

चहा-बिस्किटाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आज खेड्यात आणि शहरात न्याहारी म्हणून हीच जोडी प्रसिद्ध आहे. गोड चहा आणि मैद्याचे बिस्किट पोटात गेले की साखर झटकन रक्तात उतरते. मुलाला तरतरी वाटते. परंतु ती लवकर ओसरते, आणि मागे काही टिकत नाही. चुलीत पाचोळा टाकला तर भडका होतो, पण त्यावर भाकरी भाजत नाही. त्याला लाकूडच लागते. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडे, दूध हे अन्नातले लाकूड. ते हळूहळू पचते आणि दुपारपर्यंत पुरते.

चहाचा आणखी एक दोष आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. हे लोह म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनचा गाभा. फुप्फुसातला प्राणवायू अंगभर, मेंदूपर्यंत, पोचवण्याचे काम तेच करते. लोह कमी पडले की रक्त फिके पडते. मग मूल लवकर थकते, धाप लागते, डोके जड राहते, शिकवलेले डोक्यात शिरत नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी शंभरात 59 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत शंभरात 31. म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात मुलींच्या बाजूला पाहिले तर निम्म्याहून अधिक बाकांवर हा अदृश्य अडथळा बसलेला आहे. आपण मात्र म्हणतो, "पोरगी हुशार होती हो, पण दहावीनंतर मागे पडली." ती मागे पडली, की तिच्या ताटात मागाहून पडत गेले? घरात सर्वांचे झाल्यावर उरेल ते मुलीने खायचे, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती मोडायला एक पैसा लागत नाही.

अन्न दिल्याने शिक्षण सुधारते का, याची पारख जगात ठिकठिकाणी झाली आहे. तिच्यातली एक मला फार बोलकी वाटते. जमैका नावाचे वेस्ट इंडीजमधले बेट आहे. तेथल्या खेड्यांतील प्राथमिक शाळांत आठशेहून अधिक मुलांचे दोन गट पाडले. एका गटाला वर्षभर शाळेत रोज न्याहारी दिली. दुसऱ्याला संत्र्याची एक चतकोर फोड. 1998 साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी थोडी वाढली, वजन-उंची थोडी वाढली, आणि त्यांतल्या लहान मुलांची अंकगणितात प्रगती झाली. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण खरा होता.

त्याच बेटावर याआधी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तर शिक्षकांनी मनावर कोरून ठेवावे असे काही आढळले. जी शाळा नीट मांडलेली, साधनांनी बरी होती, तेथे न्याहारी मिळाल्यावर मुले कामात अधिक लक्ष घालू लागली. जेथे वर्ग दाटीवाटीचे, साधने तुटपुंजी, तेथे मात्र न्याहारीने मुलांची चुळबुळ वाढली! पोट भरल्याने अंगात हुशारी आली. परंतु ती कोठे लावायची हे कोणी दाखवले नाही. तात्पर्य, अन्न हे शिकवण्याच्या जागी उभे राहू शकत नाही. ते शिकवणाऱ्याला एक जागे मूल मिळवून देते. पुढचे काम आपले.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. आपल्याकडे शिक्षण आणि जेवण यांची गाठ फार जुनी आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी 'वार' लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरचे सात वार मिळाले की आठवड्याची ददात मिटली. कोणी माधुकरी मागे. त्यात मानहानी होती, आणि एक मोठा अन्यायही होता. हे वार जातीचे दार पाहून मिळत. ज्यांना गावात पाणीही मिळत नसे त्यांच्या मुलांना वार कोण देणार?

ही कोंडी फोडली ती वसतिगृहांनी. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी अशी कितीतरी वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. तेथे सगळी मुले एका पंगतीला बसत. कोठीत धान्य नाही अशी वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही ठेवले नाही. आणि आमच्या औरंगाबादेत, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर दोनच वर्षांनी, 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उघडले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी तेथे वसतिगृहांची सोय झाली, म्हणून कितीतरी घरांतला पहिला पदवीधर घडला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट दिसते. या थोर माणसांनी शाळेच्या भिंतीबरोबरच मुलांच्या चुलीची काळजी वाहिली. पुस्तक आणि भाकरी यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

पुढे हेच काम सरकारने हाती घेतले. 15 ऑगस्ट 1995 रोजी प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार योजना सुरू झाली. आरंभी आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हते; ज्या मुलाची हजेरी पुरेशी असे त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत. ते तांदूळ घरच्या सगळ्यांच्या पातेल्यात पडत. मुलाच्या वाट्याला किती येत, हे सांगणे कठीण. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले गरम अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि आपल्या शाळांतून खिचडी शिजू लागली. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. 2021 पासून या योजनेला पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव आहे.

पण मंडळी, ही थाळी आठवीला थांबते. मुलाचे वय तेव्हा चौदाच्या आसपास असते. मिसरूड फुटते, अंग भराभर वाढते, भूक दुप्पट होते. आणि नेमकी तेव्हाच शाळेतली खिचडी बंद होते, अभ्यास मात्र अवघड होतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ते मूल गाव सोडून शहरात येते आणि आईची चूलही सुटते. माझ्या वर्गात पेंगणारा तो मुलगा नेमका या दोन आधारांच्या मधल्या खड्ड्यात पडला होता. गारखेड्याच्या खोल्यांतून अशी मुले आजही आहेत. ती सांगत नाहीत, कारण घरी कळले तर बाप उधारी करील, आणि मित्रांना कळले तर लाज वाटेल. भूक इतकी चांगली लपवता येते, की तिला लोक आळस म्हणून ओळखतात.

तेव्हा करायचे काय? मोठ्या योजना आपल्या हातात नाहीत. पण लहान गोष्टी पुष्कळ आहेत.

आधी गावाकडच्या मायबापांना विनंती. मूल शाळेला निघण्यापूर्वी त्याच्या पोटात काहीतरी टिकाऊ जाऊ द्या. त्यासाठी बाजारातल्या पुड्याची गरज नाही. रात्रीची ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्या. बाजरीची असेल तर शेंगदाण्याच्या नाहीतर कारळाच्या चटणीशी द्या. मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा खिशात घालून द्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. इतके धन आपल्या रानात पिकते, आणि आपण ते विकून मैद्याचे बिस्किट आणतो! मटकीला मोड आणून उसळ करा. मोड आल्याने ती पचायला हलकी होते. पालेभाजी, डाळ यांबरोबर लिंबू पिळा, नाहीतर पेरू-आवळा खाऊ द्या. आंबट फळातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा अगदी बंद करा असे मी म्हणत नाही. माझ्याच्याने ते पाळवणार नाही. पण तो जेवणापासून तासभर दूर ठेवा. आणि मुलीचे ताट मुलाच्या ताटाबरोबर वाढा.

ज्यांचे मूल शहरात आहे त्यांनी फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" एवढेच विचारू नये. "आज सकाळी काय खाल्लं? रात्रीचा डबा कुठून येतो? भाजी कशाची होती?" असे विचारावे. भाजीचे नाव सांगताना मूल अडखळले, तर समजावे. एस.टी.ने कोणी येणारे असेल तर पुस्तकांबरोबर भाजके शेंगदाणे, तिळाची चटणी, ज्वारीचे पीठ, गूळ पाठवावा. डब्यात एक पोळी कमी पडली तर हाताशी काहीतरी असते. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि आणखीही निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. त्यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयाच्या कार्यालयात करावी. पैसा हाती पडायला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. एकच डबा दोन वेळा पुरवायची पाळी आलीच, तर तो सगळा मधल्या वेळेवर ढकलू नका. दोन पोळ्या सकाळच्या वर्गाआधी पोटात जातील अशी काही सोय पाहा. उन्हाळ्यात दुपारचे वरण रात्रीला ठेवू नका. ते आंबते आणि मग परीक्षेच्या दिवसांत जुलाब लागतात. पाणी पीत राहा. डोके दुखते ते पुष्कळदा तहानेने. परीक्षेच्या आदल्या रात्री चहावर चहा घेऊन जागू नका. चहा-कॉफीतले उत्तेजक द्रव्य कित्येक तास रक्तात राहते आणि झोप उडवते. आणि दिवसा वाचलेले मनात पक्के बसते ते झोपेतच. आईने हातावर ठेवलेले दहीसाखर अवश्य खा, पण त्याच्या आधी भाकरीही खा.

आता माझ्या शिक्षक बंधुभगिनींना. आपल्या शाळेत मधल्या सुट्टीच्या आधीचा शेवटचा तास आठवून पाहा. सर्वांत जास्त चुळबुळ, सर्वांत जास्त चुका तेव्हा होतात ना? ज्या शाळेत पुष्कळ मुले न खाता येतात तेथे मुख्याध्यापकांशी बोलून सुट्टी थोडी अलीकडे घेता येते का, ते पाहावे. निदान अवघड गणित त्या तासाला ठेवू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुले तोंडात धरून बाहेर थुंकतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून थुंकतात. ती जेवणानंतर, आपल्या समोर, पाण्याबरोबर द्यावी. वर्षातून दोनदा येणारी जंताची गोळीही चुकवू देऊ नये; नाहीतर मुलाने खाल्लेले जंतच खातात. मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह धड नसते. दाराला कडी आणि आत पाणी असले, तर त्यांची दुपारची डोकेदुखी निम्मी कमी होईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे: विचारा, पण एकट्याला विचारा. "कोण कोण उपाशी आलंय, हात वर करा" असे वर्गात विचारले तर एकही हात वर होणार नाही. गरिबाला भुकेपेक्षा चारचौघांतली लाज अधिक लागते. वर्ग सुटल्यावर, पाठीवर हात ठेवून, दुसरेच काही बोलता बोलता विचारले तर मूल सांगते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आमच्या गल्लीला डबा देणाऱ्या मावशींशी मी बोललो. त्या म्हणाल्या, "सर, आधी का नाही सांगितलं? पोरं उपाशी झोपतात आणि मी भांडी घासत बसते होय?" दोघांचाही दोन्ही वेळचा डबा सुरू झाला. शिवाय रात्रीच्या डब्यात दोन भाकऱ्या जादा येऊ लागल्या, सकाळसाठी. मुलाने एकच अट घातली: पैसे वहीत मांडायचे, फुकट नको. कापसाची पट्टी आल्यावर त्याने ते फेडले. तो काही वर्गात पहिला आला नाही. गोष्टीतल्यासारखे सगळ्यांचेच होत नसते. तो पुढच्या बाकावरही आला नाही. मागच्याच बाकावर बसे, पण तिसऱ्या तासाला जागा असे. एकदोनदा त्याने मला असे प्रश्न विचारले की घरी जाऊन पुस्तक उघडावे लागले. पदवी घेऊन तो गेला.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. मी त्याला रागावलो होतो भर वर्गात. त्याची माफी मागितली ती जिन्याखालच्या खोलीत, कोणी ऐकत नसताना. त्याने ती हसून दिली. पण वर्ग ज्या दिवशी त्याला हसला, त्या वर्गाला खरे कारण मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याची भूक उघडी पडली असती. ते ओझे माझ्यापाशी आहे, आणि आज आपल्याशी बोलून ते थोडे हलके केले आहे.

उद्या सकाळी आपल्या घरातले किंवा आपल्या वर्गातले मूल दप्तर उचलील, तेव्हा त्यात पुस्तके किती आहेत हे आपण पाहूच. त्याबरोबर त्याचा डबाही एकदा उघडून पाहा.